तिरपा टाइप म्हणजे इटॅलिक का? : एरिक गिलच्या ‘जोआना’चे अक्षररूप आणि त्याचा वाङ्मयीन व्यवहार

छापील संहितेचा अभ्यास करताना आपण शब्दांकडे पाहतो. शब्द ज्या अक्षरांत उभे असतात त्या अक्षरांकडे सहसा पाहत नाही. याला एक अपवाद आहे, तो इटॅलिकचा. इंग्रजी कादंबरीत एखादा शब्द इटॅलिकमध्ये आला की अभ्यासक थबकतो, लेखकाला येथे काही वेगळे सुचवायचे आहे असे गृहीत धरतो आणि त्या वेगळेपणाचा अर्थ लावू लागतो. परंतु हे वेगळेपण अक्षराच्या नेमक्या कोणत्या गुणात साठवलेले असते, हा प्रश्न साहित्याभ्यासात क्वचितच उपस्थित होतो. मराठीत तर इटॅलिकला ‘तिरपा टाइप’ असे म्हणून आपण मोकळे होतो; नावातच उत्तर देऊन टाकल्यामुळे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. प्रस्तुत निबंधात या उत्तराविषयी शंका घ्यावयाची आहे. तिरपेपणा ही इटॅलिकची सवय आहे, त्याचे लक्षण अन्यत्र आहे, असे माझे प्रतिपादन आहे. आणि त्यासाठी एरिक गिल या इंग्रज शिल्पकाराने १९३०-३१ मध्ये सिद्ध केलेल्या ‘जोआना’ या अक्षरवळणाचा, विशेषतः त्याच्या इटॅलिकचा, आधार घेतला आहे. इटॅलिकमधील मजकूर मराठीत आणताना अनुवादकाने काय करावे, या प्रश्नाशी या प्रतिपादनाचा थेट संबंध आहे.

‘जोआना’ची गणना सामान्यतः ‘स्लॅब सेरिफ’ या कुळात किंवा त्याच्या सीमेवर केली जाते. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या उभ्या-आडव्या दांड्यांच्या टोकाला असणारी छोटी रेघ. पुस्तकांत आढळणाऱ्या जुन्या अक्षरवळणांत ही रेघ दांड्यातून हळूच बाहेर पडते, तिच्या बगलेत एक वळसा असतो आणि तिचे टोक निमुळते होत जाते. स्लॅब सेरिफमध्ये हा वळसा गळून पडतो. दांड्याच्या टोकाला फरशीचा तुकडा बसवावा तशी सपाट, काटकोनी पट्टी येते. या कुळाचा जन्म लंडनच्या जाहिरात-व्यवसायात झाला. १८१०च्या दशकात व्हिन्सेंट फिगिन्स या ओतारखानदाराने अशा ठसठशीत अक्षरांचे नमुने बाजारात आणले. सोडतीची, नाटकांची, मालाच्या विक्रीची भित्तिपत्रके दुरून वाचता यावीत ही त्यामागील गरज होती. पुढे या कुळाला ‘इजिप्शियन’ हे नाव चिकटले. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तविषयी जे कुतूहल उसळले होते त्याचा तो प्रसाद. अक्षरांत इजिप्शियन असे काहीच नाही. १८४५ मध्ये रॉबर्ट बेझ्ली याच्या ओतारखान्याने ‘क्लॅरेंडन’ काढले आणि या कुळाने भिंतीवरून पुस्तकात प्रवेश केला. कोशातील मुख्य शब्द ठळक दिसावा यासाठी क्लॅरेंडन इतके रुळले की काही काळ ‘ठळक अक्षर’ आणि ‘क्लॅरेंडन’ हे जवळजवळ समानार्थी शब्द झाले होते. शब्दाला उठाव देण्याचे काम वजनाने करता येते ही गोष्ट इंग्रजी मुद्रणाने या कुळाकडून शिकली. मराठी मुद्रणाला जाड टाइपाची जी सवय आहे तिचा विचार करताना हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इटॅलिकची वंशावळ याच्या अगदी उलट आहे. व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची छोटेखानी आवृत्ती काढली. तिच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने कापलेली अक्षरे इटलीतील विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावर बेतलेली होती. येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, संपूर्ण पुस्तक या अक्षरांत होते. रोमनच्या ओळीत मधूनच येणारे पाहुणे अशी त्यांची भूमिका नव्हती. दोन, या पहिल्या इटॅलिकमधील मोठी अक्षरे सरळ उभी होती. तिरपी होती ती फक्त छोटी अक्षरे, आणि तीही हात वेगाने चालल्यामुळे झुकलेली. इटॅलिक म्हणजे मुळात दुसऱ्या प्रकारचे लेखन होय. लेखणी न उचलता एका अक्षरातून दुसऱ्याकडे जाण्याची ओढ, त्यामुळे आलेला अरुंदपणा, दोन मजली ‘ए’ऐवजी एकाच फटकाऱ्यात पुरा होणारा ‘ए’, ही त्याची खरी लक्षणे. सोळाव्या शतकाच्या ओघात हे स्वतंत्र अक्षर रोमनचे ताबेदार झाले. उद्धृते, प्रस्तावना, परभाषेतील शब्द, ग्रंथांची नावे, शेवटी केवळ भर देणे, अशी कामे त्याच्याकडे आली आणि ताबेदाराला वेगळे ओळखू यावे म्हणून त्याचा तिरपेपणा अधिकाधिक ठसत गेला.

आता या दोन वंशांचा संकर करावयाचा म्हटले तर अडचण कोठे येते ते स्पष्ट होईल. इटॅलिक अक्षराच्या पायाशी जे टोक असते ती लेखणीची पुढच्या अक्षराकडे जाण्याची हालचाल असते. स्लॅब सेरिफची पट्टी कोणत्याही लेखणीतून आलेली नाही. ती मोजपट्टीने आखलेली आहे आणि तिचे काम अक्षराला जागच्या जागी रोवून ठेवणे हे आहे. धावणाऱ्या अक्षराच्या पायात फरशी बांधली तर ते धावणार कसे? यंत्रयुगाने या प्रश्नाचे सोपे उत्तर काढले: धावण्याचा आग्रहच सोडून द्यावा आणि उभे अक्षर नुसते कलंडवावे. मोनोटाइप कंपनीच्या १९३४ च्या ‘रॉकवेल’चे इटॅलिक असेच आहे. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलरने १९५०च्या दशकात आखलेल्या ‘कुरियर’ या टंकलेखी अक्षराच्या इटॅलिकचीही तीच गत. त्यात रोमनचा सांगाडा कायम असतो, पट्ट्या कायम असतात, सर्व काही बारा-चौदा अंशांनी ढकललेले असते. अशा अक्षरात भेद दिसतो, पण तो भेद वाऱ्याने वाकलेल्या खांबाचा आहे. दुसरा हात तेथे लिहीत नाही.

कलंडलेल्या रोमनला सैद्धान्तिक प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्नही त्याच काळात झाला, हे विसरता येत नाही. मोनोटाइपचा सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन याने १९२६ मध्ये ‘द फ्लूरॉन’ या नियतकालिकाच्या पाचव्या अंकात आदर्श इटॅलिकविषयी एक निबंध लिहिला. इटॅलिकने रोमनशी एकरूप राहावे, हस्ताक्षराच्या लकबी टाकाव्यात आणि केवळ कलाने वेगळे व्हावे, असा त्याचा मथितार्थ होता. मॉरिसनच्या प्रेरणेने गिलने ‘पर्पेचुआ’ हे वळण आखले तेव्हा त्याचे पहिले इटॅलिक या तत्त्वानुसार कलत्या रोमनचे होते. ते टिकले नाही. अंतिम रूपात हस्ताक्षराच्या काही लकबी परत आणाव्या लागल्या. खुद्द मॉरिसनच्या देखरेखीखाली १९३२ मध्ये वापरात आलेल्या ‘टाइम्स न्यू रोमन’चे इटॅलिकही त्याच्या सिद्धान्ताला जुमानत नाही. सिद्धान्त तर्कशुद्ध होता आणि डोळ्यांनी तो नाकारला, असे म्हणणे वावगे होणार नाही. तरीही या वादातून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. रोमन व इटॅलिक यांतील अंतर किती असावे, हा प्रश्न प्रथमच जाणीवपूर्वक विचारला गेला.

‘जोआना’ हे या प्रश्नाला दिलेले वेगळे उत्तर आहे. मॉरिसनने कल ठेवून लकब टाकावी असे म्हटले होते. गिलने येथे लकब ठेवली आणि कल जवळजवळ टाकून दिला. ‘जोआना’ इटॅलिकचा कल सुमारे ३ अंशांचा आहे. सामान्य वाचकाला तो मोजून दाखवावा लागतो. हे अक्षर वेगळे भासते ते अरुंदपणामुळे. त्याची छोटी अक्षरे रोमनपेक्षा स्पष्टपणे चिंचोळी आहेत, ‘ए’ एकमजली आहे, कमानी दांड्यातून उंच आणि घट्ट निघतात, आणि ओळीतील पांढऱ्या जागेचा ठेका बदलतो. रोमन ओळ चालत असेल तर ही ओळ पावले जवळ टाकत चालते. आणि हे सर्व करताना कुळाची खूण सोडलेली नाही. सेरिफ सपाट आहेत, बगलेत वळसा नाही, टोके स्वच्छ छाटलेली आहेत. मात्र पट्टी बारीक केल्यामुळे तिचा जाहिरातीतील आडदांडपणा गेला आहे. काही वर्गीकरणकार ‘जोआना’ला स्लॅब सेरिफ मानण्यास तयार नसतात ते यामुळेच. त्यांची हरकत जाडीपुरती खरी आहे. रचनेचा विचार केला तर ही पट्टीच आहे, दगडावर छिन्नीने एका घावात काढावी तशी. गिलचे मुख्य शिक्षण शिलालेख कोरण्याचे होते, आणि लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये त्याने एडवर्ड जॉन्स्टनकडून रुंद लेखणीचे धडे घेतले होते. छिन्नीची छाटणी आणि लेखणीची गती या दोन्ही विद्या एका माणसाच्या हातात असल्यामुळे फरशी आणि धाव यांचा मेळ त्याला घालता आला, असे मला वाटते.

यात यंत्राचाही वाटा आहे. लायनोटाइप यंत्रावर रोमन आणि इटॅलिक ही दोन्ही रूपे एकाच मातृकेवर खोदलेली असत. त्यामुळे दोहोंची रुंदी सारखी ठेवणे भाग पडे, आणि कित्येक इटॅलिक अक्षरे त्या सक्तीपायी ताणून रुंद करण्यात आली. ‘जोआना’ या सक्तीतून सुटले. गिलने आपला जावई रेने हेग याच्याबरोबर बकिंगहॅमशायरमधील पिगॉट्स येथे ‘हेग अँड गिल’ हा छोटा छापखाना काढला होता. त्या छापखान्यासाठी कॅस्लन ओतारखान्याने या वळणाचे हातजुळणीचे खिळे ओतून दिले. पुढे मोनोटाइपने १९३७ मध्ये जे. एम. डेंट या प्रकाशनसंस्थेच्या खास वापरासाठी ते यंत्रावर आणले, आणि १९५८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. मोनोटाइप यंत्रात प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे ओतले जात असल्यामुळे इटॅलिकला स्वतःची रुंदी राखता आली. एखाद्या अक्षराचे ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ते पुष्कळदा कोणत्या यंत्राच्या तावडीत ते सापडले नाही यावर अवलंबून असते.

‘जोआना’चा पहिला महत्त्वाचा वापर गिलच्याच १९३१ सालच्या मुद्रणकलेवरील निबंधग्रंथात झाला. या ग्रंथात ओळींची उजवी बाजू समान केलेली नाही. शब्दांमधील अंतर सारखे राहावे म्हणून ओळी लांब-आखूड सोडल्या आहेत, आणि आवश्यक तेथे शब्दांचे संक्षेपही केले आहेत. कारखान्याचे जग आणि कारागिराचे जग ही दोन्ही शेजारी-शेजारी राहणार आहेत आणि त्यांनी एकमेकांचे सोंग आणू नये, ही गिलची भूमिका त्यात वारंवार येते. भारतीय वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल. आनंद कुमारस्वामी यांच्याशी गिलचे वैचारिक सख्य होते. त्यांच्या ‘विश्वकर्मा’ या १९१४ मधील भारतीय शिल्पांच्या संग्रहाला गिलने प्रस्तावना लिहिली होती. कलावंत ही वेगळी जात नसून नीट काम करणारा प्रत्येक माणूस आपल्या परीने कलावंत असतो, हा कुमारस्वामींचा आग्रह गिलच्या कारागिरीविषयीच्या लेखनात उतरला आहे. मात्र यावरून ‘जोआना’त भारतीयत्व शोधू जाणे हा उत्साहाचा अतिरेक होईल.

या अक्षरवळणाच्या नावासंबंधी मौन बाळगणे आज शक्य नाही. गिलने ते आपली मुलगी जोन हिच्या नावावरून ठेवले. १९८९ मध्ये फियोना मॅकार्थी यांनी लिहिलेल्या चरित्रातून, गिलच्याच रोजनिशीच्या आधारे, त्याने आपल्या थोरल्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार केल्याचे उघड झाले. लंडनमधील बीबीसीच्या इमारतीवरील त्याच्या शिल्पावर २०२२ मध्ये एका माणसाने हातोडा चालवला तो याच रागातून. कृती आणि कर्ता यांची फारकत करावी की न करावी, हा वाद साहित्याभ्यासकांना नवा नाही. मुद्राक्षराच्या बाबतीत त्याला एक वेगळे वळण आहे. अक्षर हे इतरांचे शब्द वाहते. ‘जोआना’त छापलेल्या पुस्तकाचा लेखक गिलच्या चरित्राला जबाबदार नसतो आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नसते. परंतु मुलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अक्षराविषयी लिहिणाऱ्या समीक्षकाला ते ठाऊक असते. म्हणून ‘जोआना’च्या निर्मळतेविषयी, घरगुती जिव्हाळ्याविषयी पूर्वी जे भाबडे गद्य लिहिले गेले त्यापासून दूर राहणे एवढे तरी त्याला करता येते.

आता वाङ्मयीन व्यवहाराकडे वळू. इटॅलिकची कामे अनेक असली तरी तौलनिक साहित्याच्या दृष्टीने त्यांतील तीन विशेष बोलकी आहेत. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये मूळ हिब्रू-ग्रीक पाठात नसलेले, पण इंग्रजी वाक्य पुरे होण्यासाठी अनुवादकांनी घातलेले शब्द इटॅलिकमध्ये छापले होते. १६११ च्या अधिकृत भाषांतरात मुख्य मजकूर गॉथिक वळणाच्या काळ्या अक्षरांत असल्यामुळे हेच काम छोट्या रोमनने केले, आणि पुढील रोमन आवृत्त्यांत ते पुन्हा इटॅलिककडे आले. अनुवादकाने आपला हस्तक्षेप पानावर उघडपणे नोंदवावा, याहून प्रामाणिक पद्धत शोधून सापडणार नाही. गंमत अशी की इटॅलिक म्हणजे भर, ही सवय पक्की झाल्यावर ज्या शब्दांना मुळात आधारच नाही त्याच शब्दांवर भाविक वाचक जोर देऊ लागले. जी खूण ‘हा शब्द आमचा आहे, सांभाळून घ्या’ असे सांगत होती ती ‘इकडे लक्ष द्या’ असे ओरडू लागली. ३ अंश कलाच्या अरुंद अक्षरात हे शब्द असते तर काय झाले असते, याचा विचार करण्यासारखा आहे. ‘जोआना’ इटॅलिक ओरडत नाही. ते शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखे वाटते, आणि अनुवादकाच्या हस्तक्षेपाला हाच स्वर साजतो.

दुसरे उदाहरण विल्यम फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’ या १९२९ च्या कादंबरीचे. तिच्या पहिल्या भागात बेंजीच्या मनातील काळ पुढे-मागे सरकतो आणि हे सरकणे इटॅलिकने सूचित केले आहे. बेन वॉसन याने संपादन करताना इटॅलिक काढून तेथे ओळींमध्ये जागा सोडली. फॉकनरने ती दुरुस्ती नाकारून इटॅलिक परत घातले. निरनिराळे काळ निरनिराळ्या रंगांच्या शाईत छापावेत अशी त्याची इच्छा होती. फोलिओ सोसायटीने २०१२ मध्ये तशी आवृत्ती काढलीही. फॉकनरचे म्हणणे नीट ऐकले तर ध्यानात येते की त्याला येथे भर नको होता. स्मृतीचा एक प्रवाह दुसऱ्यात मिसळतो तो सांधा त्याला दाखवायचा होता, तुटलेपण न दाखवता. मोकळी ओळ तुटलेपण दाखवते. फार तिरपे इटॅलिक आरोळी ठोकते. दोन लयींचा भेद दाखवणारे, पण ओळीचा रंग न बिघडवणारे अक्षर ही या मजकुराची खरी गरज आहे. कलंडलेल्या रोमनने ती भागत नाही, कारण तेथे लय तीच राहते.

तिसरे काम आपल्या अधिक जवळचे आहे: परकीय शब्द वेगळा काढण्याचे. भारतीय लेखकांच्या इंग्रजी पुस्तकांत खाण्याचे पदार्थ, नात्यांची नावे, शिव्या वगैरे शब्द दीर्घकाळ इटॅलिकमध्ये छापले गेले. जुनो डियाझने १९९६ च्या ‘ड्राउन’पासून आपल्या इंग्रजी कथांत स्पॅनिश शब्दांना इटॅलिक देण्याचे नाकारले, आणि त्यानंतर अनेक द्वैभाषिक लेखकांनी ती भूमिका घेतली. घरात बोलला जाणारा शब्द पानावर परका का दिसावा, हा त्यांचा प्रश्न न्याय्यच आहे. तथापि या चर्चेत ‘इटॅलिक’ ही एकच एक वस्तू आहे असे गृहीत धरले जाते. रॉकवेलमध्ये कलंडलेला ‘चटणी’ हा शब्द आणि ‘जोआना’त अरुंद झालेला तोच शब्द यांचे परकेपण सारख्या मात्रेचे नाही. पहिल्यात शब्दाला बाजूला उभे केले आहे; दुसऱ्यात त्याचा उच्चार बदलल्याची नोंद आहे. डियाझच्या विरोधाची धार यामुळे बोथट होत नाही, पण त्याचे लक्ष्य अधिक नेमके होते.

‘जोआना’ची बाजू घेताना तिची मर्यादा लपवण्याचे कारण नाही. तिचे इटॅलिक लांब मजकुरात, उद्धृतात, कवितेच्या संपूर्ण पानात खुलते. रोमन परिच्छेदात एकच शब्द वेगळा काढायचा असेल, कागद खरबरीत असेल, शाई पसरत असेल, तर ते रोमनमध्ये विरघळून जाते आणि वाचकाला खूण लागतच नाही. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत ‘नाही’ या शब्दाला उठाव देण्यासाठी कोणी ते वापरू नये. तेथे क्लॅरेंडनचे वजनच हवे.

स्लॅब सेरिफच्या दुसऱ्या मोठ्या वसाहतीत, म्हणजे टंकलेखनात, इटॅलिकच नव्हते. टंकलेखन यंत्रावर एकच अक्षरसंच असे आणि प्रत्येक अक्षराला सारखी जागा. तेव्हा लेखक शब्दाखाली रेघ मारी आणि जुळारी तिचा अर्थ ‘इटॅलिक’ असा घेई. विसाव्या शतकातील कितीतरी इंग्रजी हस्तलिखितांत लेखकाचे इटॅलिक हे अशा रेघेच्या रूपातच अस्तित्वात आहे. १९६१ मध्ये आयबीएमच्या ‘सेलेक्ट्रिक’ यंत्राने अक्षरांचा गोळा बदलण्याची सोय दिली तेव्हा टंकलेखकाच्या हाती इटॅलिक सहज आले. संहिता-संपादन करणाऱ्यांनी याची दखल घ्यावी: रेघ ही सूचना होती, रूप नव्हते, रूप कोणते द्यायचे ते छापखाना ठरवीत असे.

गिलने दाखवलेल्या वाटेने पुढे कोण गेले, याचे उत्तर नेदरलँड्समध्ये सापडते. पीटर मॅथियास नोर्डझाय याने १९८०च्या दशकात, द हेग येथील अकादमीत विद्यार्थी असताना, एका स्लॅब सेरिफवर काम सुरू केले. ते १९९० मध्ये ‘पीएमएन सीसिलिया’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याचे वडील खेरिट नोर्डझाय हे अक्षराचे मूळ लेखणीच्या फटकाऱ्यात असते या मताचे प्रखर पुरस्कर्ते. मुलाने फटकाऱ्याची रचना घेतली आणि तिच्यावर जवळजवळ एकसारख्या जाडीची, पट्टीदार अक्षरे उभी केली. सीसिलियाचे इटॅलिकही कमी कलाचे, अरुंद आणि खरोखर लिहिल्यासारखे आहे. २००७ मध्ये आलेल्या ‘किंडल’ वाचनयंत्राने पुस्तकांसाठी हेच वळण निवडले, आणि २०१५ मध्ये ‘बुकर्ली’ येईपर्यंत असंख्य वाचकांनी इंग्रजी कादंबऱ्या याच अक्षरात वाचल्या. पडद्याच्या त्या वेळच्या भरड ठिपक्यांवर बारीक सेरिफ तुटत. सपाट पट्ट्या टिकत. तिरप्या रेघेची करवतीसारखी पायरी होई. कमी कलाचे इटॅलिक त्यातूनही बऱ्यापैकी सुटे. भित्तिपत्रकासाठी जन्मलेले कूळ दोनशे वर्षांनी एकांतातल्या वाचनासाठी वापरले गेले ते अशा ढोबळ, भौतिक कारणांनी. गिलच्या ‘जोआना’चीही २०१५ मध्ये मोनोटाइपने बेन जोन्सच्या हस्ते ‘जोआना नोव्हा’ या नावाने विस्तारित आवृत्ती काढली.

मराठीकडे येताना प्रथम एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दोन हातांची, म्हणजे स्थिर आणि धावत्या अशा दोन लेखनांची कल्पना मराठीला परकी नाही. बाळबोध आणि मोडी यांचे नाते हेच आहे. पोथी बाळबोधीत, दफ्तर मोडीत. मोडीत लेखणी न उचलता लिहिण्याची ओढ आहे, त्या ओढीपायी बदललेली अक्षररूपे आहेत, आणि तरीही मोडीची ओळख कलावर मुळीच अवलंबून नाही. आल्डसच्या इटॅलिकचे जे लक्षण वर सांगितले तेच येथे अधिक ठळकपणे दिसते. श्रीरामपूरला विल्यम केरीने १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला तो मोडी खिळे वापरून. परंतु छपाईत मोडी आली ती बाळबोधीची प्रतिस्पर्धी म्हणून. एकाच ओळीत बाळबोधीची जोडीदार म्हणून तिला कोणी बसवले नाही. पुढे छपाई बाळबोधीची झाली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळा-कचेऱ्यांतून मागे पडली, आणि मराठी पानावर दुसरा हात उरला नाही. उठावाचे काम जाड टाइपावर आणि अवतरणचिन्हांवर आले.

तिरपी देवनागरी शिशाच्या काळात का रुजली नाही, याची तांत्रिक कारणे बापूराव नाईक यांच्या ‘टायपॉग्रफी ऑफ देवनागरी’ (१९७१) सारख्या ग्रंथातून आलेल्या खिळ्यांच्या रचनेकडे पाहिले तरी उमगतात. अखंड टाइपात काय किंवा डिग्री टाइपात काय, शेकडो खिळ्यांची पेटी सांभाळतानाच जुळाऱ्याची दमछाक होई; तेवढीच दुसरी तिरपी पेटी ठेवणे कोणत्या छापखान्याला परवडणार? शिवाय देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट दिशेने कापतात, त्यामुळे अक्षरातील जाड-बारीक भागांची वाटणी वेगळी असते. अक्षर उजवीकडे कलंडवले की ही वाटणी विस्कटते, शिरोरेषा मात्र आडवीच राहते, काना झुकतो आणि वेलांट्या-मात्रा शेजारच्या अक्षरावर जातात. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी आखलेल्या, संगणकावर सर्वत्र पोहोचलेल्या ‘मंगल’ या वळणाला स्वतंत्र इटॅलिक नाही. तरीही संगणकावरील कळ दाबली की ‘मंगल’ तिरपे होते. ते रूप कोणत्याही अक्षरकाराने काढलेले नसते. यंत्राने गणित करून ढकललेले असते. आजच्या अनेक अनुवादित मराठी पुस्तकांत मूळ इंग्रजीतील इटॅलिकची जागा या ढकललेल्या देवनागरीने घेतली आहे आणि संपादकांना वाटते की मूळ संहितेशी प्रामाणिकपणा राखला गेला.

माझ्या मते येथे अनुवाद झालेलाच नाही. इंग्रजीत ती खूण रोमनच्या शेजारी पाचशे वर्षे नांदलेल्या दुसऱ्या हाताची आहे. मराठीत ती कोणाच्याही हाताची नाही. अमराठी विद्यार्थ्यांच्या वर्गात मराठी अनुवाद मुळाशी ताडून पाहताना तिरप्या देवनागरीचा अर्थ काय लागतो, असे विचारले असता बहुतेकांचे उत्तर येते की छपाईत काही बिघडले असावे. हे उत्तर विनोदी असले तरी निरीक्षण म्हणून अचूक आहे. बायबलमधील पुरवलेले शब्द, बेंजीच्या स्मृतीचे सांधे आणि डियाझच्या घरातली स्पॅनिश या तीन गोष्टींना मराठीत तीन वेगळे उपाय लागतील. पहिल्यासाठी चौकटी कंस पुरतो आणि तो आपल्या संहिता-संपादनाला परिचित आहे. तिसऱ्यासाठी काहीच न करणे हाच अनुवाद. प्रश्न उरतो दुसऱ्याचा. तेथे एकाच ओळीत, एकाच वजनाची, पण वेगळ्या लयीची देवनागरी हवी: थोडी अरुंद, बोरूच्या कापाशी इमान राखणारी, काना उभाच ठेवून वळणे मोडीच्या ओढीने बांधलेली. अशी जोडी आखणारा अक्षरकार आणि ती पानावर मागणारा अनुवादक यांची गाठ अद्याप पडायची आहे. तोपर्यंत बेंजीचा मराठी अनुवाद करणाऱ्याने तिरपी कळ न दाबता, प्रचलित देवनागरी वळणांपैकी एकमेकांजवळची दोन निवडून, निदान एका प्रकरणापुरता हा प्रयोग करून पाहावा.